हरारेतल्या आज्यांचा बाक

झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेतल्या म्बारे वस्तीत, मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली 14 आज्यांना हाताशी धरून ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि मन जड झालेलं माणूस. आजी आधी नुसतं ऐकते. मग सांगितलेल्या अडचणींतली एकच निवडायची, तीही येणाऱ्यानेच, आणि जमेल असा मार्ग दोघांनी मिळून शोधायचा. उपदेशाचा भडिमार नाही, हे फार मोलाचं.

या बाकाचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या 573 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के जणांत नैराश्याची लक्षणं दिसली. चाचणीतल्या, पण बाकावर न बसलेल्या इतरांत जवळपास 50 टक्के. चाचणीतल्या अनेकांना एचआयव्ही होता. बाकावरची भेट संपल्यावर पुढे गट जमतात, तिथं बायका गप्पा मारत टाकाऊ प्लॅस्टिकपासून पिशव्या विणतात.