डाळिंबाचा दाणा म्हणजे नेमकं काय? फुलातल्या बीजांडाची गोष्ट

देवळाली प्रवरा ज्या राहुरी तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'मृदुला' आणि 'फुले भगवा' या डाळिंबाच्या जाती दिल्या. या फळातला रसाळ दाणा म्हणजे गर नाही. प्रत्येक दाणा ही स्वतंत्र बी असते आणि रस असतो तिच्या बाहेरच्या आवरणात.

बीजांड म्हणजे काय?

फुलाच्या बुडाशी अंडाशय असतं आणि त्यात बारीक बीजांडं असतात. फलनानंतर अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाची बी.

आत काय असतं?

• देठ: बीजांडाला अंडाशयाशी जोडतो. अन्नपाणी इथूनच येतं.
• आवरणं: डाळिंबात दोन असतात. टोकाला एक छिद्र उघडं राहतं, ते बीजरंध्र. डाळिंबाचं बीजांड उलटं वळलेलं असल्यानं हे छिद्र देठाजवळ येतं.
• प्रदेह: आवरणांच्या आतला पेशींचा गाभा.
• भ्रूणकोष: गाभ्यातली पिशवी. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तिच्यात सात पेशी आणि आठ केंद्रकं असतात, कारण मधल्या मोठ्या पेशीत दोन केंद्रकं असतात. अंडपेशी बीजरंध्राच्या बाजूला असते.

परागनलिका दोन नरयुग्मकं आत आणते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण बनतो. दुसरं मधल्या पेशीशी मिळून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष तयार होतो. हे द्विफलन 1898 मध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं.

मग रस कुठून येतो?

बाहेरच्या आवरणाच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी लांब होतात आणि रसानं भरतात. त्याच आवरणाचे आतले थर कडक होतात. दाताखाली कचकन येतो तो हा भाग. मऊ दाण्याच्या जातींत तो कमी टणक असतो.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात. घागरीसारखी, बुडाशी फुगीर फुलं फळ धरू शकतात. घंटेसारख्या, बुडाशी निमुळत्या फुलांत बीजांडांची वाढ अर्धवट थांबलेली असते. ही नर फुलं पराग देतात आणि गळून जातात. ही गळ नैसर्गिक असते, कोणतंही औषध मारून त्यांना फळ लागत नाही. घागरीसारखी फुलं गळत असतील, तर मात्र पाणी, परागीभवन किंवा कीड यांत कारण शोधावं लागतं. म्हणून फवारणीवर खर्च करण्याआधी गळालेली फुलं उचला आणि त्यांचं बूड पाहा.