सशाची धांव आणि दिवसाचे प्रहर

बाजरीची किंवा ज्वारीची काढणी चालूं असतां पायाशींच दबून बसलेला ससा एकदम उठून पळाला आणि बांधावरचा कुत्रा त्याच्या मागें लागला, हा प्रकार पाहिला नाहीं असा शेतकरी विरळा. कधीं कुत्रा जीभ लोंबवीत रित्या तोंडानें परत येतो. कधीं ससा शंभर पावलांतच सांपडतो. लोक याचें कारण कुत्र्याच्या जातीवर किंवा सशाच्या नशिबावर ढकलतात. परंतु एकच ससा पहाटे, दुपारीं आणि सायंकाळीं सारखा धांवत नाहीं, व कुत्र्याचीही तीच गोष्ट आहे. प्रहराप्रमाणें दोघांचें बळ बदलतें, मात्र तें एकाच मापानें बदलत नाहीं.

या विषयाचा अनुभव इंग्लंडांत पुष्कळ सांठला होता. तेथें दोन ग्रेहाउंड कुत्रे एका सशामागें सोडून त्यांत सरस कोणता हें ठरविण्याचा खेळ असे. त्यास कोर्सिंग म्हणत. लिव्हरपूलजवळ आल्टकार येथें १८३६ सालीं सुरू झालेला ‘वॉटर्लू कप’ हा त्यांतील सर्वांत नांवाजलेला सामना. ससा सुमारें ८० यार्ड पुढें गेला म्हणजे कुत्र्यांचे पट्टे सोडीत, आणि घोड्यावर बसलेला पंच कोणत्या कुत्र्यानें वेग दाखविला व सशास किती वेळां वळविलें हें पाहून गुण देई. ससा मारणें हा आमचा हेतु नव्हे, असें खेळणारे म्हणत. ससे मरत मात्र. स्कॉटलंडांत २००२ च्या व इंग्लंड-वेल्समध्यें २००४ च्या कायद्यानें हा खेळ बंद झाला. शेवटचा वॉटर्लू कप फेब्रुवारी २००५ मध्यें झाला. आयर्लंडांत तो अद्याप चालतो, पण तेथें १९९३ पासून कुत्र्यांच्या तोंडास मुसकी बांधावी लागते.

आतां सशाकडे वळूं. येथें ससा म्हणजे रानांत उघड्यावर राहणारा ससा. बीळ करून राहणारा पांढरा-करडा पाळीव ससा नव्हे. रानसशास बिळाचा आसरा नसल्यामुळें पळणें हेंच त्याचें घर. त्याचें हृदय शरीराच्या वजनाच्या शेंकडा एकाहून अधिक भरतें. बिळांतल्या सशाचें शेंकडा अर्ध्याइतकेंही नसतें. युरोपांतील रानससा ताशीं ७० किलोमीटरपर्यंत वेग घेतो. ग्रेहाउंड सरळ धांवेंत त्याच्या बरोबरीस येतो, पण सशाची खरी मदार एकाएकीं वळण्यावर असते. वजनदार कुत्रा वळतां वळतां पुढें घसरतो, आणि तेवढ्यांत ससा चार हात मिळवितो.

हें वळणें पोटावर फार अवलंबून आहे. ससा रात्रभर चरतो व उजाडतां उजाडतां आपल्या बसण्याच्या जागीं येतो. त्या वेळीं त्याचें पोट गच्च भरलेलें असतें. कोरड्या लेंड्या तो बहुतेक चरतांनाच टाकतो. दिवसा निवांत बसला असतां त्यास मऊ लेंड्या येतात, व त्या तो तेथल्या तेथें पुन्हां खातो. गाईगुरांचें रवंथ जें काम करतें तेंच काम सशाच्या ठायीं यानें होतें. वैरण खाऊन उठलेल्या बैलास कोणी लगेच शर्यतीच्या गाडीस जुंपीत नाहीं, मग भल्या सकाळीं उठविलेल्या सशाकडून पुऱ्या धांवेची अपेक्षा कां करावी? दिवस कलतां कलतां तें अन्न पचून गेलेलें असतें, ससा विसावलेला असतो आणि अंगानें हलका होतो. नुसतें पोट पाहिलें तर सकाळपेक्षां तिसऱ्या प्रहरचा ससा धांवण्यास बरा, असेंच अनुमान निघतें.

परंतु पायाखालची जमीनही प्रहराबरोबर पालटते. सशाच्या तळव्यास कुत्र्यासारखी उघडी गादी नसते. तो राठ केंसांनीं झांकलेला असतो. विलायतेंत हिवाळ्याच्या सकाळीं दंवानें जमीन दगडासारखी गोठते. अशा जमिनीवर सशाचा केंसाळ पाय चांगला चालतो, उलट कुत्र्याचे तळवे सोलून निघतात. याच कारणानें गोठलेल्या दिवशीं सामने पुढें ढकलीत. दुपारीं वरचा थर विरघळला म्हणजे पारडें फिरतें. ती चिकट माती सशाच्या केंसांस धरून बसते, पाय जड होतात आणि वळण चुकतें. शिकारी लोकांच्या बोलींत अशा वेळीं ‘ससा वाहतो’ म्हणत, म्हणजे पायाबरोबर माती वाहून नेतो. आपल्याकडे पावसानंतरच्या काळ्या जमिनींत चालणाऱ्यास ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

उन्हाचा हिशेब आणखी वेगळा आहे. धांवतांना स्नायूंत उष्णता फार निपजते, आणि घामानें ती घालविण्याची सोय कुत्र्यास जवळजवळ नाहींच. तो धापा टाकून अंग थंड करतो. एका छोट्या पण जोराच्या धांवेनें ग्रेहाउंडच्या अंगची उष्णता ४१ अंश सेल्सियसच्या वर जाते. सशाचे लांब कान रक्तांतील उष्णता हवेंत सोडतात. पण हवाच अंगाहून अधिक तापलेली असेल तर ते कानही उपयोगी पडत नाहींत. म्हणून भर उन्हांत दोघेही लवकर थकतात, आणि ज्याची धांव लांबते त्याच्या जिवावर बेततें. पाठलागांतून सुटलेला ससासुद्धां अतिश्रमानें स्नायू बिघडून पुढें मरूं शकतो, हें विसरूं नये.

संध्याकाळ ही सशाची वेळ. ग्रेहाउंड वासावर नव्हे, नजरेवर धांवतो. उजेड मंदावला कीं त्याचें अर्धें बळ गेलें. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यानें त्यास मागचेंही दिसतें, आणि काळोखाची त्यास संवय आहे. हा डाव उलटविण्यासाठीं चोरटे लोक रात्रीं प्रखर दिवे सशाच्या डोळ्यांवर टाकून कुत्रे सोडतात. पूर्व इंग्लंडांतील शेतकऱ्यांस पीक निघाल्यावर मोकळ्या शेतांत मोटारी घालणाऱ्या अशा टोळ्यांचा फार उपद्रव होतो. म्हणून २०२२ सालीं तेथील कायद्यानें शिक्षा वाढविल्या.

आपल्या दख्खनांतही कारवानी व मुधोळ कुत्रे सशामागें सोडण्याची चाल होती, आणि मुधोळच्या घोरपडे राजांनीं या जातीस आश्रय दिला. आज मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि शिकारीच्या व्याख्येंत कुत्र्यांकडून पाठलाग करविणेंही येतें. स्वतःच्या शेतांत म्हणून सूट नाहीं. हरभऱ्याचें नुकसान होत असल्यास वन खात्याकडे अर्ज करावा. काढणीस राखणीचा कुत्रा बरोबर नेणाऱ्यानें निदान उजाडल्यापासून दोन-तीन तास तो बांधून ठेवावा. पोट भरून नुकताच बसलेला ससा त्या वेळीं विळ्याच्या अगदीं जवळ येईपर्यंत उठत नाहीं, आणि उठला तरी जड असतो.