क्रोशाच्या बाहुलीचे स्नान

क्रोशाच्या सुईने विणलेला ससा किंवा बाहुली ज्या घरात आहे, त्या घरात तिच्या स्नानाचा प्रश्न एक ना एक दिवस उपस्थित होतोच. मूल तिला उराशी घेऊन झोपते, तिचा कान चघळते, अंगणातल्या मातीत बसवून तिला आमटीभात भरवते, आणि काही महिन्यांतच तिचा मूळ रंग कोणता होता हे आठवावे लागते. बाजारातले खेळणे बिघडले तर दुसरे आणता येईल. पण आजीने कित्येक संध्याकाळी खर्ची घालून जी विणली, ती एकदा आटली अथवा कुजली की तशीच दुसरी मिळणे नाही. म्हणून विषय किरकोळ वाटला तरी आम्ही तो येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम धागा ओळखला पाहिजे. दुकानात ज्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतात, ती पुष्कळदा लोकर नसतेच. तो अ‍ॅक्रिलिक नावाचा कृत्रिम धागा असतो. विणून उरलेला धागा घरात असल्यास त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, वडील माणसांच्या देखत, खिडकीजवळ मेणबत्तीवर धरावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरडली जाणारी काळी राख उरली तर ती खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख हे सुताचे लक्षण. धागा वितळून त्याचा कठीण काळा मणी झाला, तर ते अ‍ॅक्रिलिक समजावे. तो मणी थंड होईपर्यंत त्यास हात लावू नये.

खरी लोकर ही मेंढीच्या अंगावरची, आणि आपल्या केसांप्रमाणेच केराटिन या प्रथिनाची बनलेली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तिच्या तंतूवर छपरावरील कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात. कढत पाणी, साबण आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की तंतू एकमेकांत सरकतात. खवल्यांमुळे त्यांना मागे मात्र फिरता येत नाही. वीण आटते, दाट होते, आणि पुढे कितीही ताणली तरी पूर्ववत होत नाही. काश्मीर व राजस्थानातील नमदा करणारे कारागीर हीच क्रिया बुद्धिपुरस्सर घडवून आणतात. सशाच्या बाबतीत ती घडली तर हाती उरतो तो कानांचा एक गोळा! धुण्याचा सोडाही लोकरीस वर्ज्य, कारण क्षाराने प्रथिन झिजते. थंड पाण्यात रिठ्याचा फेस करावा, तो तिला मानवतो. अ‍ॅक्रिलिकला आटण्याचे भय नाही. त्याचे वैर उष्णतेशी. उकळते पाणी व इस्त्री यांनी ते कायमचे ढिले पडते. सूत या सर्वांत सोशिक. फक्त त्याचा रंग पाहावा. पांढरी चिंधी ओली करून लाल भागावर दाबावी. चिंधीस रंग लागला तर ती बाहुली पाण्यात बुडवू नये. मिठाच्या पाण्यात ठेवले की रंग पक्का होतो असा घरोघरी समज आहे, परंतु जो रंग मुळातच सुटणारा आहे त्यास मीठ धरून ठेवू शकत नाही.

आता खरी अडचण. बाहुली धुणे सोपे आहे, वाळविणे कठीण. वरची वीण दुपारपर्यंत कोरडी लागते; पोटात भरलेला कापूस मात्र ओलाच असतो, आणि आमच्या बेळगावच्या आषाढ-श्रावणात तो दिवसेंदिवस तसाच राहतो. मग आत बुरशी धरते, कुबट वास येतो, कापसाच्या गाठी होतात. पॉलिएस्टरचे तंतू भरले असतील तर पाणी लवकर निथळते. कापसाला तो गुण नाही. म्हणून कापूस भरलेल्या बाहुलीस शक्यतो बुडवूच नये. पिळून घेतलेल्या फडक्याने रिठ्याचा फेस लावून, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यावे. बहुतेक मळ वरचाच असतो.

बुडविणे अटळच झाले, तर धुण्यापूर्वी ती स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. समजा, ते १२० ग्रॅम भरले. धुतल्यावर पिळू नये. जाड पंचात गुंडाळून तळहातांनी दाबावे आणि पंचा बदलून पुन्हा दाबावे. दोरीवर कानाने टांगू नये, कारण ओल्या पोटाचे वजन कानाची वीण लांबविते. वाऱ्याच्या जागी, सावलीत, चाळणीवर किंवा खाटेवर आडवी ठेवून दिवसातून दोन-तीनदा उलटावी. वजन पुन्हा १२० वर येऊन स्थिरावले, म्हणजेच ती आतून वाळली. हाताला कोरडी लागते या पुराव्यावर आमचा विश्वास नाही. पावसाळ्यापुरता हा उद्योग पुढे ढकलावा हे उत्तम.

जपानात अशा खेळण्यांस अमिगुरुमी म्हणतात. आतले भरण डोकावू नये म्हणून त्यांची वीण मुद्दाम घट्ट घालतात. ती ओढाताणीने उसवली तर तुटलेले फासे त्याच दिवशी सुईदोऱ्यात पकडावेत. भोक लहान असते तोवर चार टाक्यांत काम भागते.

खऱ्या लोकरीची बाहुली पेटीत ठेवायची असल्यास कसरीपासून जपावे. लोकर खाते ती उडणारी पाकोळी नव्हे, तिची अळी. आणि घाम व अन्न लागलेला भाग तिला विशेष प्रिय. तेव्हा बाहुली स्वच्छ व पूर्ण कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डांबरगोळ्या मात्र तिच्यासोबत ठेवू नयेत; त्यातील नॅप्थलीन तान्ह्या मुलांच्या रक्तास अपायकारक आहे, आणि बाहुली शेवटी जाते ती मुलाच्या तोंडात.

दर वेळी धुण्याआधी डोळे ओढून पाहावेत. बटणाचा दोरा झिजला असेल तर नवा घालावा. घरात तीन वर्षांच्या आतील मूल असेल, तर बटणे काढून टाकून काळ्या दोऱ्यानेच डोळे भरावेत.