ताणा, पण बेताने!

ट्रायल रूमच्या आरशासमोर उभं राहून स्वतःवरच वैतागण्याचा अनुभव कुणाला नाही? मला तर दर पगाराला, म्हणजे फ्रीलान्सरच्या भाषेत दर चेकला, एकदा येतोच. मीडियम छातीवर ताणतो, लार्ज कमरेत लोंबतो. त्यात माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली. कॉलेजात असताना स्कूटीवरून पडले, कॉलरबोन मोडलं आणि जुळलं ते हे असं. माणसांना कळत नाही, पण बोटनेकच्या टॉपला बरोब्बर कळतं. मुलाखतीला बसले की एक हात वहीवर आणि दुसरा सारखा गळा सावरायला.

शेवटी उल्हासनगरहून मोठ्या फुलांचं प्रिंटेड लायक्रा आणलं आणि वर्तकनगरच्या म्हाडा कॉलनीतल्या आमच्या मावशींचं दार वाजवलं. मावशी म्हणजे तीस वर्षं ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस. कापड हातात घेताच म्हणाल्या, "हे मशीनवर रडतं गं. मी नाही घेत." मागे एकदा घेतलं होतं. बाईंनी टॉप डोक्यातून घातला आणि शिलाई कडाकडा उसवली. तेव्हापासून स्ट्रेच बंद. पण खुंटीवरच्या पिशव्याही कमी झाल्या होत्या. "मुली आता सगळं तयारच घेतात," एवढंच बोलून त्यांनी चहा टाकला.

मग मी घरी जाऊन अभ्यास केला. (मास कॉमची डिग्री कुठेतरी कामी यावी ना!) सुटिंग-शर्टिंगमध्ये उभे-आडवे धागे एकमेकांत विणलेले असतात, तर टी-शर्टच्या कापडात स्वेटरसारखे फासे असतात, म्हणून ते ताणलं जातं. त्यात स्पँडेक्स मिसळलं की ते परत जागेवरही येतं. हा धागा ड्युपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये बनवला. लायक्रा हे त्याचं ब्रँडनेम. आता कापड ताणलं जाणार आणि सरळ शिलाईचा दोरा नाही, मग तो तुटणारच. उपाय झिगझॅग. मावशींचं काळं पायमशीन फक्त सरळ शिवतं. मी निराश झाले, तर त्यांनीच कोपऱ्यातल्या मशीनवरचं कव्हर काढलं. "अगं, साडीची पिको म्हणजे झिगझॅगच की!"

सुई तेवढी बदलली. 11 नंबरची बॉलपॉइंट. तिचं टोक गोलसर असतं, त्यामुळे ती फासा तोडत नाही, बाजूला सारते. दाबपट्टीचा दाब कमी केला आणि कापड दातांत ओढलं जाऊ नये म्हणून खाली बटर पेपरची पट्टी ठेवली. शिवून झाल्यावर ती फाडून टाकायची. त्याआधी कापड धुऊन वाळवलं होतं, हे सांगायचं राहिलं. ते विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात टॉप धाकट्या बहिणीचा!

खरी गंमत मापाला आली. माझी छाती 36. मावशींनी सवयीने दोन इंच लूज धरलं. मी म्हटलं, "मावशी, दोन इंच वजा करा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मापातून वजा?" दहा सेंटिमीटर कापड पट्टीवर धरून ताणून दाखवलं, आरामात तेरापर्यंत गेलं. ताण मात्र अंगाभोवती यायला हवा, उंचीत नाही. आणि प्रिंट? ताणलं की फुलांमधून पांढरा तळ डोकावतो आणि छातीवर आलेलं गुलाब थाळीएवढं होतं. म्हणून मोठं फूल खांद्याकडे सरकवलं.

खांदा मात्र मावशींचा प्रांत. मला वाटलं होतं डाव्या बाजूला पॅड लावतील. त्यांनी डाव्या खांद्याचं टोक दीड सेंटिमीटर उतरवलं आणि मुंढाही तेवढाच खाली घेतला, नाहीतर काखेत आवळलं असतं. दोन्ही खांद्यांच्या शिलाईत सुती टेपची पट्टी घातली, म्हणजे तिथे ताण खाणार नाही. तेवढंच काय ते स्थिर, बाकी सगळं लवचीक.

टॉप घालून घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत होते. बाबा रेमंडमधले. 1925 मध्ये सुरू झालेली ठाण्याची ती गिरणी 2009 मध्ये बंद झाली, आता तिथे टॉवर्स आहेत. आयुष्यभर लोकरी सुटिंग हाताळलेला माणूस लायक्राला काय किंमत देणार? त्यांनी उरलेला तुकडा चिमटीत धरला, ताणला, सोडला. पुन्हा ताणला, सोडला.

"येतंय परत," म्हणाले, आणि चष्मा लावून माझा डावा खांदा बघायला उठले.

मावशींनी दारावर कागद चिकटवलाय: 'टी-शर्टचं कापड शिवून मिळेल.' या आठवड्यात तीन पिशव्या आल्यात. त्यातली एक माझी आहे.