लघवी, लैंगिक आरोग्य आणि पुरुषांचे मौन : मल्टिपल स्क्लेरोसिस समजून घेऊ या

लघवी आली की थांबवता येत नाही. रात्री चार-पाचदा उठावे लागते. लिंगाला ताठरता येत नाही. तिशीतला पुरुष या गोष्टी कुणाला सांगतो? चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत काम करताना आमचा अनुभव असा, की बहुतेक जण घरीही बोलत नाहीत. फारच झाले तर भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातीचा पत्ता शोधतात किंवा कुणीतरी करणी केली म्हणून मांत्रिकाकडे जातात. या तक्रारींची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक फारसे कुणाला माहीत नसते, ते म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस.

हा आजार काय आहे?

विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतील या आवरणावर हल्ला करते. मग मेंदूचे संदेश अडखळतात किंवा पोचतच नाहीत. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, पण पुरुषांनाही होतो. तो संसर्गजन्य नाही. हस्तमैथुनाने किंवा ‘धातू गेल्याने’ तो होत नाही.

सुरुवातीला एका डोळ्याने धूसर दिसते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, थकवा येतो. अनेकांमध्ये हा त्रास काही आठवड्यांनी आपोआप कमी होतो आणि काही काळाने पुन्हा उलटतो. नेमके इथेच फसगत होते. त्रास ओसरला तेव्हा गंडादोरा बांधलेला असेल, तर श्रेय गंड्याला जाते आणि आजार आत वाढत राहतो.

लघवीचा त्रास का होतो?

मूत्राशय भरल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूला जाते आणि ‘थांब’ किंवा ‘सोड’ हा हुकूम त्याच वाटेने परत येतो. वाट बिघडली की दोन प्रकार होतात. एक, मूत्राशय अवेळी आकुंचन पावते, घाई होते, कपडे ओले होतात. दोन, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, लघवी अडखळते, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. काहींना दोन्ही त्रास एकत्र असतात. म्हणून दुकानातून घाई थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नये. आत लघवी साचत असेल तर ती गोळी त्रास वाढवते. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने आत किती उरली ते कळते. गरज पडल्यास स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतात. ऐकायला भीतिदायक वाटते, पण सवय होते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

अनेक जण लाजेपोटी पाणी पिणेच कमी करतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे हे फार घातक आहे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, बद्धकोष्ठता होते, जंतुसंसर्ग बळावतो. शिवाय उष्णतेने आणि तापाने एमएसची लक्षणे तात्पुरती वाढतात. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, झोपण्याआधी कमी करावे, चहा आणि दारू टाळावी.

लैंगिक आरोग्य

ताठरतेचा संदेशही मज्जारज्जूतूनच जातो. त्यामुळे इच्छा असूनही शरीर साथ देत नाही, स्खलनात अडचण येते, स्पर्श बधिर वाटतो. थकवा, नैराश्य, काही औषधे आणि ‘मधेच लघवी झाली तर?’ ही भीती त्यात भर घालते. यात ‘मर्दानगी’ कमी झाल्याचा प्रश्नच नाही. सिल्डेनाफिलसारखी औषधे अनेकांना उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. हृदयरोगासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या जिवाला त्यांचा धोका असतो. संबंधांपूर्वी लघवी करून यावे, थकवा नसेल ती वेळ निवडावी आणि जोडीदाराशी मोकळे बोलावे. एमएस झाला म्हणून बाप होता येत नाही असे नाही. मूल हवे असेल तर चालू औषधांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. नवरा गप्प राहिला की मूल न होण्याचा दोष बायकोच्या माथी येतो, हेही आपण पाहतोच.

कुठे जायचे?

लघवीचा प्रत्येक त्रास एमएसचा नसतो. मधुमेह, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग, मणक्याचा क्षयरोग हीही कारणे असतात. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि लघवी तपासावी. सोबत मुंग्या, अंधुक दिसणे, तोल जाणे असेल तर जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातून मेंदूविकार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. त्यासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. निदानासाठी एमआरआय लागतो. आजार मुळापासून जात नाही, पण झटके कमी करणारी औषधे आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. लघवी पूर्ण अडली किंवा पाय अचानक लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर योजनांची दारे उघडतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला हे मिळवताना कार्यकर्त्याची सोबत लागते.

आपले काम

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत स्त्रियांना विचारले, तपासले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. विचारेपर्यंत ते दुखणे कुणाच्या हिशेबात नव्हते. पुरुषांनाही असेच विचारावे लागेल.

‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारण्यात अश्लील काही नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी तेव्हा घेतली होती. त्यांचे नाव घेणाऱ्या आपण विहारात या विषयावर डॉक्टरांना बोलवायला संकोच का करावा?

तरुण मित्रांनो, दोन गोष्टी लगेच करता येतील. वस्तीत अशी तक्रार असलेला कुणी असेल तर हसू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा. आणि विहारात, मेळाव्यात, १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर, मंडपाजवळच स्वच्छ शौचालय असेल हे पाहा. ते नसले की असा माणूस घरीच बसतो आणि का आला नाही हे कुणाला सांगत नाही.

जय भीम!