विश्लेषण : घटस्फोटाच्या समझोत्यावर सही करण्याआधी नवऱ्याच्या मिळकतीचा कागद का हवा?

वाशीम असो की रिसोड, नवरा-बायकोचा वाद न्यायालयात पोहोचला की पहिला सल्ला मिळतो तो बसून मिटवण्याचा. सल्ला चुकीचा नाही. पण तडजोडीत बाईच्या हाती काय येणार, हे बहुतेक वेळा शेवटी विचारले जाते. मुंबईतील ज्येष्ठ वकील फ्लेविया अ‍ॅग्नेस तीन दशकांहून अधिक काळ हाच प्रश्न आधी विचारत आल्या आहेत.

फ्लेविया अ‍ॅग्नेस कोण?

१९४७ चा जन्म. लग्नानंतर एका तपाहून अधिक काळ त्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा प्रकरणावरून १९८० मध्ये देशभर आंदोलन झाले, त्या काळात त्या स्त्री चळवळीत आल्या. वकिली सुरू केली १९८८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. पुढे त्यांनी उभारणीत भाग घेतलेली ‘मजलिस’ ही संस्था महिलांचे खटले लढवू लागली. घर, पोटगी आणि मुलांचा खर्च यांवर त्यांचा भर राहिला. ‘कुटुंब वाचवा’ या आग्रहाखाली बाईचे आर्थिक हक्क मागे पडतात, ही त्यांची टीका आजही लागू पडते.

‘कोलॅबोरेटिव्ह प्रॅक्टिस’ म्हणजे काय?

ही पद्धत १९९० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिसचे वकील स्टुअर्ट वेब यांनी सुरू केली. दोन्ही पक्ष आपापल्या वकिलांसह टेबलावर बसतात आणि मिळकतीची माहिती एकमेकांपुढे उघड करतात. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी खटल्यातून बाहेर पडायचे. त्यामुळे वकिलांनाही तडजोडीतच रस राहतो. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. आपल्याकडे मध्यस्थी, समुपदेशन, लोकअदालत आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीचा घटस्फोट हे मार्ग आहेत.

अमेरिकी पद्धतीतला वकिलांनी बाहेर पडण्याचा नियम आपल्याकडे लगेच येईल असे नाही. माहिती उघड करण्याचा भाग मात्र आला आहे, आणि तोही विदर्भातल्या खटल्यातून.

नागपूरच्या खटल्याने काय बदलले?

नागपूर कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका पोटगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. शेतकरी कुटुंबांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, ओलीत की कोरडवाहू, पीक कोणते, मागील तीन वर्षांचे उत्पन्न किती, जमीन बटाईने केली आहे का, गुरेढोरे किती, कर्ज किती, हे सगळे त्यात लिहावे लागते.

सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात याचे मोल मोठे आहे. पगाराची पावती नसते आणि सातबारा अनेकदा सासऱ्याच्या नावावर असतो. ‘माझ्याकडे काहीच नाही’ हे नवऱ्याचे उत्तर त्यामुळे सहज खपते. शपथेवर एकरात आणि क्विंटलात लिहून द्यायचे म्हटले की ते तितके सोपे राहत नाही. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास कारवाई होऊ शकते.

सही करण्याआधी काय पाहावे?

परस्पर संमतीच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबायचे, पण २०१७ च्या निकालानुसार न्यायालय ही मुदत माफ करू शकते. अंतिम हुकूम होण्याआधी संमती मागे घेता येते. लोकअदालतीचे तसे नाही. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून एकरकमी रकमेचा आकडा आणि मुलांच्या खर्चाची ओळ सहीआधीच वाचून घ्यावी.

अर्ज कुठे करायचा? माहेरी परतलेली पत्नी हिंदू विवाह कायद्याखाली स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकते. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे हे काम दिवाणी न्यायालयात चालते. पोटगीचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी एकटीने सही करू नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, तर तालुक्याला तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.