हसायचं कुणाला?

मुलांसाठी नाटकं करणाऱ्या पुण्यातल्या ग्रिप्स रंगभूमीला यंदा चाळीस वर्षं होतात. आनंद व्हायला हवा होता. पण परवा सुट्टीत स्वारगेटजवळच्या एका सभागृहात मुलांचा ‘धमाल विनोदी’ कार्यक्रम पाहिला आणि ही चाळिशी बोचायलाच लागली. निवेदकाने सहा-सात वर्षांच्या एका मुलाला स्टेजवर बोलावलं आणि विचारलं, “घरी जास्त कोण मारतं रे, मम्मी की पप्पा?” पोरगं गोरंमोरं झालं. खाली हशा पिकला आणि मोबाइल वर झाले.

हा विनोद तसा जुनाच. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर आमच्या काका-मामांचा हाच खेळ चालायचा. “हिला कंडक्टरकडे देऊन टाकू या, साताऱ्याला उतरवील.” मूल भोकाड पसरायचं, मंडळी पोट धरून हसायची. वर आणि “गंमत कळत नाही हिला!”

साठ-सत्तरच्या दशकांतल्या बालनाट्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिट्ल थिएटर उभं केलं, रत्नाकर मतकरींनी राक्षस आणि राजकन्या दिल्या, दिलीप प्रभावळकरांच्या चेटकिणीने मुलांना घाबरवता घाबरवता हसवलं. मोठी कामं ती. पण सगळं घडायचं राजवाड्यात नाहीतर जंगलात. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, आणि समोर पीएमटीचा डेपो.

१९८६ साली मात्र नाटक थेट त्या दोन खोल्यांत शिरलं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही रीत डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात आणली. तिथल्या वोल्फगांग कोलनेडर यांनी थिएटर अकॅडमीसाठी ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ बसवलं. मराठी रूप श्रीरंग गोडबोले यांचं. परी नाही, राक्षस नाही. मुलांची कामं मोठी माणसं करायची आणि एकही जण बोबडं बोलायचा नाही. फजिती व्हायची ती मोठ्यांची. असल्याच एका प्रयोगात स्टेजवरचा बाप विनाकारण खेकसला, तशी माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाने शेजारी कोपर मारलं, “बाबा, तुम्ही!” बाबा आधी कावले. मग दोघंही असे हसले, की मागच्यांना त्यांना गप्प करावं लागलं.

तेव्हा आमच्याच ओळखीतल्या सुसंस्कृत मंडळींनी नाकं मुरडली होती. ‘मुलं उलट बोलायला शिकतील.’ शिकली, बरंच झालं! घाबरून गप्प बसलेल्या पिढ्या आपण पुरेशा पाहिल्या होत्या. ही नाटकं पाहता पाहता मला उमगलं ते एवढंच : मूल मोकळं होतं ते मोठा माणूस स्वतःवर हसतो तेव्हा. पोराची टर उडवली, की ते हसतंही, पण केवळ आपली सुटका व्हावी म्हणून.

विभावरी देशपांडे यांच्यासारख्यांनी ही रंगभूमी पुढे नेली, हे खरं. पण नाटकाला जाणं हा सुट्टीतला रिवाज होता, तो विरला. २०२४ पासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रो येते. शहर इतकं खोल गेलं, पण मुलांशी थट्टा करायची आमची अक्कल अजून त्या एसटी स्टँडवरच उभी आहे.

चाळिशीनिमित्त सत्कार होतील, शाली पांघरल्या जातील. त्यापेक्षा एक प्रयोग लावा. आईबापांना पहिल्या रांगेत बसवा आणि मुलांना अगदी त्यांच्या मागे. मोठ्यांचे कान कधी लाल होतात, ते पोरांना नीट दिसलं पाहिजे.